आधी फाइल, मग कलम

"निर्यातीचा कायदा प्रत्यक्ष कामातून शिकवता म्हणजे नेमकं काय करता? पोरांना बंदर दाखवायला नेता का?" जळगाव-धुळ्याच्या वाणिज्य आणि विधी महाविद्यालयांतले प्राध्यापक हे विचारतात. रावेर-यावलकडचे केळी उत्पादकही विचारतात, कारण त्यांची मुलं आता स्वतः माल पाठवायचं म्हणताहेत. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंदराच्या सहलीतून फारसं हाती लागत नाही. कायदा शिपिंग बिलाच्या, म्हणजे निर्यातीआधी कस्टम्सला द्यायच्या निवेदनाच्या, रकान्यांत असतो. म्हणून तिघांच्या गटाला आम्ही एका कंटेनरची कोरी फाइल देतो: ताजी केळी, न्हावा शेव्याहून आखाती देशात. एक जण निर्यातदार, दुसरा कस्टम्स ब्रोकर, तिसरा बँक. भरलेला नमुना कुणालाच देत नाही, कारण दिला की त्याची नक्कल होते. प्रत्येक रकान्यापुढे दोन प्रश्न लिहायचे: हा आकडा कुठून आला, आणि तो भरायला कुठल्या कायद्याने सांगितलंय?

नोंदणीचा भाग झटपट उरकतो. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा कोड, हा पॅनचाच क्रमांक, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करावा लागतो. काही बदल नसला तरी. नाही केला तर तो निष्क्रिय होतो. परकीय चलन हाताळणाऱ्या आपल्या बँकेचा एडी कोड कस्टम्सकडे नोंदवायचा, करपात्र माल आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) न भरता पाठवायचा तर दर आर्थिक वर्षाला नवं एलयूटी, म्हणजे हमीपत्र. केळीसाठी अपेडाची, म्हणजे कृषी निर्यात विकास प्राधिकरणाची, नोंदणी, नंदुरबारची मिरची असेल तर मसाला मंडळाची. हे पाठांतराचं काम आहे आणि एका तासात होतं.

वेळ द्यायचा तो वजनाला. चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे शीत कंटेनरमध्ये, १३ किलोची साधारण १,५४० खोकी बसतात, म्हणजे निव्वळ केळी २०,०२० किलो. खोकं, पिशवी, फोम धरून एक नग १४ किलो धरला तर ढोबळ वजन २१,५६०. व्हीजीएममध्ये, म्हणजे कंटेनरच्या प्रमाणित एकूण वजनात, मुलं हाच आकडा टाकतात आणि तो चुकतो. १ जुलै २०१६ पासून लागू झालेल्या सोलासच्या, म्हणजे सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियमाला भरलेल्या कंटेनरचं वजन हवं असतं, त्यात रिकाम्या रीफरचं वजनही आलं. ते दारावरच लिहिलेलं असतं. ४,७०० किलो असेल तर व्हीजीएम २६,२६० होतो. निव्वळ, ढोबळ आणि व्हीजीएम हे तीन आकडे वेगवेगळ्या जागी जातात. कुठला कुठे, हे एकदा हाताने लिहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

पॅकहाऊसला मात्र नेतो, पण हातात तक्ता देऊन. फण्या धुऊन, वजन करून खोक्यात जातात तिथे उभं राहून वीस खोक्यांची वजनं टिपायची, रीफरचं तापमान १३ ते १३.५ अंशांवर लावलंय का ते बघायचं. त्याखाली गेलं तर सालीवर काळपट झाक येते आणि केळी नीट पिकत नाहीत. मग ग्राहक दावा ठोकतो, तेव्हा लावलेल्या तापमानाची नोंद आणि कंटेनरचा डेटा लॉग हाच पुरावा. लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का शोधायचा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलं, किंवा धुरीसारखी दुसरी मान्य प्रक्रिया केली, तरच तो शिक्का मिळतो.

एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, शिकवायला मात्र केळी फार सोपी पडतात. ताजी असोत की वाळवलेली, शीर्षक ०८०३. तळून चिप्स केल्या की थेट विसाव्या प्रकरणात. त्यामुळे खरा सराव जळगावच्या एमआयडीसीत विणल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या चटईवर. चटई आणि व्हर्नियर कॅलिपर टेबलावर ठेवतो. मुलं आधी 'प्लास्टिक' म्हणून ३९वं प्रकरण लिहून मोकळी होतात. मग विभाग अकराच्या टिपा वाचायला लावतो: प्लास्टिकची पट्टी दिसायला ५ मिलिमीटरहून रुंद असेल तर ती वस्त्रांच्या विभागात येत नाही. ५ किंवा कमी असेल तर ती ५४व्या प्रकरणातली पट्टी ठरते आणि चटईचा विचार ५७व्या प्रकरणात, जमिनीवरच्या आच्छादनांत, करावा लागतो. त्याहून रुंद पट्टीची चटई ४६व्या प्रकरणाकडे, विणलेल्या टोपल्या-चटयांकडे, झुकते. आता मोजमाप. पट्टी पोकळ नळीसारखी, विणताना चपटी झालेली. कुणीतरी हमखास ती फाडून, उलगडून मोजतो आणि आकडा दुपटीच्या आसपास येतो. एचएसच्या स्पष्टीकरणात्मक टिपणीप्रमाणे रुंदी मोजायची ती घडी घातलेल्या, चपट्या अवस्थेतली, जशी ती मालात आहे तशीच. एका मिलिमीटरच्या फरकाने इकडची रोडटेप आणि ड्रॉबॅकची, म्हणजे भरलेले कर-शुल्क परत मिळण्याची, सवलत बदलते, तिकडचं आयातशुल्क बदलतं. तरीही शंका उरली तर मुंबईच्या कस्टम्स अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो अर्ज आम्ही मुलांकडून लिहूनच घेतो, कारण मालाचं नेमकं वर्णन करायला यापेक्षा चांगला सराव नाही.

चटई करपात्र, त्यामुळे आयजीएसटी परताव्याचा धडाही तिच्यावरच होतो. शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात बिल क्रमांक 'केएच/०७' आणि शिपिंग बिलात 'केएच-७' असेल तर यंत्रणा दोन्ही जुळवत नाही, एसबी००५ ही त्रुटी येते आणि पैसे अडकतात. माणसाच्या नजरेला ते एकच बिल वाटतं, म्हणून ही चूक सारखी होते.

बँकेच्या भूमिकेतला विद्यार्थी सगळ्यात लवकर तयार होतो. त्याच्या हाती यूसीपी ६०० (पतपत्रांचे आंतरराष्ट्रीय नियम) आणि एलसी (बँकेचं पतपत्र) देतो. एलसीत '१,५४० कार्टन' लिहिलंय. पॅकहाऊसमध्ये बारा खोकी बाद झाली, गेली १,५२८. निर्यातदार म्हणतो, पाच टक्के कमी-जास्त चालतं की! चालतं, पण कलम ३० मधली ती सूट प्रमाण नगांच्या संख्येत सांगितलेलं असेल तर मिळत नाही. बँकेने त्रुटी काढायचीच. ती बघते कागद, माल नाही. तपासायला तिला बँकेच्या कामाचे पाच दिवस असतात. दुसरा सापळा आम्ही मुद्दाम लावतो: शेवटच्या क्षणी रीफर बिघडला, कंटेनर बदलला. नवा क्रमांक बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, आला, पॅकिंग लिस्टवर जुनाच राहिला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नुसतं एखाद्या कार्यालयात महिनाभर बसवून हा विषय येत नाही. तिथे मुलगा झेरॉक्स काढतो आणि 'असंच करतात' हे शिकून येतो. म्हणून प्रत्येक सवयीला कलम विचारायचं. शिपिंग बिलातली माहिती अचूक आणि पूर्ण असण्याची जबाबदारी कस्टम्स कायदा १९६२ चं कलम ५० निर्यातदारावर टाकतं, ब्रोकरने भरलं म्हणून ती सुटत नाही. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. याच कारणाने सराव कधीही खऱ्या पोर्टलवर करू देऊ नका. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर गेलेला कागद हे कायदेशीर निवेदन असतं. जुनी कागदपत्रं वापरायची तर नावं, क्रमांक, किमती झाकून आणि मालकाची परवानगी घेऊन.

परीक्षाही फाइलचीच. माल निघून गेलाय, शिपिंग बिलात निव्वळ वजन चुकलंय, दुरुस्त करून दाखवा. कस्टम्स कायद्याचं कलम १४९ दुरुस्तीला परवानगी देतं, पण निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदाच्या आधारावर. ग्राहकाकडून आज नवं पत्र मागवणाऱ्याला आम्ही गुण देत नाही. पॅकहाऊसच्या त्या दिवशीच्या वजनाच्या पावत्या काढून अर्जाला जोडणारा उत्तीर्ण.