तिरफळ, चिआंग माईतलं

चिआंग माई, जानेवारी. रात्रीचे साडेदहा.

पोट इतकं तुडुंब भरलंय की आडवं व्हायची सोय नाही, म्हणून वही उघडली. भाची शेजारच्या पलंगावर केव्हाच घोरायला लागलीय. थाई स्वयंपाकाचा वर्ग ही तिची कल्पना. मी नाक मुरडलं होतं. इतकी वर्षं रोज दोन वेळा गॅससमोर उभं राहायचं, आणि सुट्टीत विमानाने येऊन परत गॅससमोरच? पण तिने परस्पर पैसे भरून टाकले होते, आणि भरलेले पैसे वाया घालवायचे संस्कार आमच्या घरात नाहीत.

सकाळी लाल पिकअप दारात आली. मागे समोरासमोर दोन बाकं, त्यांवर एक डच जोडपं, सोलची एक विद्यार्थिनी आणि ऑस्ट्रेलियातल्या एक निवृत्त परिचारिका. शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या, फटकळ, इंग्रजी मोजकं पण नेमकं. पहिल्यांदा नेलं सोम्फेत बाजारात, जुन्या शहराच्या खंदकाला लागून आहे तो. बाई एकेक जिन्नस उचलून नाव सांगत होत्या, बाकीचे फोटो काढत होते आणि माझी मनातल्या मनात ओळखपरेड चालली होती. गवती चहा. इथे वरची पाती टाकून बुडखा घेतात, आपण बुडखा कुंडीत ठेवून पाती कापतो. आल्याच्या शेजारी पांढुरकं, गुलाबी कोंबांचं कोळिंजन. आमच्या गावातले भजनीबुवा घसा बसला की याचा सुका तुकडा दाढेखाली धरायचे. इथे ओल्याच्या चकत्या मूठमूठ सारात पडतात. गोकर्णाची सुकवलेली फुलं, भात आणि सरबत निळं करायला. आणि तुळशीच्या जुड्या. ती इथे खिम्यात, लसूण-मिरचीबरोबर मोठ्या आचेवर परततात. आपल्या वृंदावनातलीच जात, जरा जास्त झणझणीत वासाची. "आजीला सांगायचं नाही हं, मावशी," भाची म्हणाली. मी कशाला सांगतेय.

नारळाच्या गाळ्यावर मात्र मी पाय रोवून उभी राहिले. यंत्रात खोवायचं, दुसऱ्या यंत्रात दाबून रस काढायचा, सगळं डोळ्यांसमोर. पहिला दाट रस एका पिशवीत, पाणी घालून काढलेला पातळ दुसऱ्या पिशवीत. ठाण्यात मी मुकाट्याने डब्यातला रस आणते, आणि इथे कोपऱ्या-कोपऱ्यावर ताजा मिळतो. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

स्वयंपाकघर शहराबाहेर, भातशेताच्या कडेला, वर छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या. प्रत्येकाला एक शेगडी, एक कढई, एक फळी. आधी ग्रीन करीचं वाटण. दगडी खल, दगडी बत्ता. बाईंचा क्रम ठरलेला होता आणि त्यात बदल त्या खपवून घेत नव्हत्या. आधी भाजलेले धणे, जिरं, पांढरी मिरी, त्यांची पूड काढून बाजूला. मग मीठ आणि मिरच्या, मीठ खरखरीत असल्याने मिरची लवकर चिरडते. मग कोळिंजन, गवती चहाचा बुडखा, माकरूट लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं. लसूण आणि छोटे कांदे त्यानंतर, कारण त्यांचं पाणी सुटलं की वरचं काही बारीक होत नाही. कोळंबीची आंबवलेली चटणी सगळ्यांत शेवटी. म्हणजे कडक आधी, ओलं नंतर. डच गृहस्थ पाच मिनिटांत घामाघूम झाले. मला पाट्याची सवय होती म्हणून मनगट टिकलं, नाहीतर खांद्याची काही धडगत नव्हती.

कोथिंबिरीच्या मुळांबद्दल वेगळं लिहून ठेवते. आपण ती कापून केरात टाकतो. वास पानांपेक्षा खोल आणि मातकट असतो, शिजल्यावरही टिकतो. यापुढे जुडी मुळासकट मागून घ्यायची.

मग रस. इथे मी खरोखर चक्रावले. आमच्याकडे सोलकढी तर तापवतच नाहीत, आणि रसाचं कालवण असेल तर आच मंद, एकसारखं ढवळत राहायचं आणि उकळी फुटायच्या आत उतरायचं. रस फाटला की त्या दिवशी जेवताना आई कुणाशी बोलायची नाही. बाईंनी दाट रस कोऱ्या कढईत ओतला आणि मोठी आच लावली. तो खदखदला, आटला, दाणेदार झाला आणि कडेने तेल सुटलं. फाटला! माझा हात आपोआप शेगडीच्या बटणाकडे गेला आणि बाईंनी तो पळीने अडवला. तेच हवं होतं. त्या सुटलेल्या तेलात वाटण परतायचं, वेगळं तेल घालायचंच नाही. वाटणाचा कच्चा वास जाऊन घरभर घमघमाट सुटला की पातळ रस, वांगी, कोंबडी. वर तरंगणारे हिरवट तेलाचे थेंब म्हणजे करी जमल्याची खूण. डब्यातल्या रसाने हे सहसा होत नाही, तो फाटू नये म्हणून त्यात मुद्दाम काहीबाही घातलेलं असतं, असं बाई म्हणाल्या. मी जन्मभर जे टाळत आले ते इथे पहिलं पाऊल आहे. चव घेतली आणि गप्प बसले.

बाकीच्या पदार्थांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टॉम याम, म्हणजे कोळंबी-गवती चहाचं सार, छान आंबट झालं. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, मातीच्या खोल खलात लाकडी बत्त्याने हलकेच ठेचतात. दगडी बत्ता घेतला तर पपईचा लगदा होईल. पॅड थाई, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या शेवया, मला गोड लागलं. आंब्याबरोबर नारळाच्या रसातला चिकट भात आला. आंबा 'नाम डोक माई' जातीचा, बिनरेषांचा, पिवळाधमक, गोड. जानेवारीत आंबा खाऊन मत देणं बरोबर नाही, म्हणून मत देत नाही. पण देवगडची आहे मी.

खरी गोष्ट जेवणानंतरची. आम्ही आपापल्या कढईतलं खाऊन सुस्तावलो होतो, आणि बाई व मदतनीस मुली मागच्या बाजूला जेवायला बसल्या. त्यांच्या पुढ्यात आम्ही शिकलेल्यातलं काहीच नव्हतं. वेताच्या टोपलीत चिकट भात, त्याचा हाताने गोळा करून बुडवून खातात. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि कांदे ठेचून केलेलं नाम प्रिक नुम, उकडलेला भोपळा आणि शेंगा, आणि काळपट मसाल्यातला डुकराचा खिमा, लाप. मी विचारलं, हे का नाही शिकवत? बाई हसल्या. "तुम्ही यादीत काय निवडलंत?"

बरोबर होतं. यादी तिथे टांगलेली होती आणि आम्ही सगळ्यांनी बोट ठेवलं ते ओळखीच्या नावांवर. ग्रीन करी मध्य थायलंडची. सोम ताम ईशानकडचं, म्हणजे ईशान्य थायलंडचं, लाओसच्या बाजूचं. पॅड थाई तर फिबून सोंगक्राम पंतप्रधान असताना, १९३८ ते १९४४ च्या काळात, सरकारने प्रचार करून देशभर रुजवलेलं; सियामचं थायलंड झालं तेही त्याच राजवटीत, १९३९ मध्ये. चिआंग माईचं म्हणावं असं यादीत एक खाओ सोई, म्हणजे रश्शातल्या शेवया, होतं, तेही युन्नानकडून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांशी जोडलं जातं, आणि ते आमच्यातल्या कुणी निवडलं नाही. मालवणात कुणी परदेशी बाई स्वयंपाक शिकायला यावी आणि तिला बटर चिकन आणि नान शिकवून परत पाठवावं, तसलाच प्रकार. आणि जिच्यावर मी सकाळपासून भाळले होते तो नारळ? इथल्या उत्तरेकडच्या जुन्या कालवणांत तो बहुतेक नसतोच. हा डोंगराळ मुलूख, नाळ बॅंकॉकपेक्षा ब्रह्मदेशाशी जास्त. १५५८ पासून १७७४ पर्यंत इथे ब्रह्मी सत्ता होती, आणि आलं, चिंच आणि मसाल्याची पूड घातलेलं गेंग हांग ले हे डुकराचं कालवण तिकडूनच आलेलं. समुद्र लांब, म्हणून कोळंबीच्या चटणीच्या जागी पुष्कळदा सोयाबीन आंबवून, थापून वाळवलेल्या चकत्या, तुआ नाओ.

बाईंना याचं वाईट वाटत असेल असं मला वाटलं होतं. तसलं काही नाही. पॅड थाईवर मुलीची फी निघते, म्हणाल्या. मला ते पटलं.

डुक्कर मी खात नाही. पण त्या लापाचा वास येत होता आणि तो मला जाऊ देईना. मिरची नाही, लवंग नाही, काहीतरी लिंबाच्या सालीसारखं आणि तरीही तिखट. मी मसाला दाखवा म्हटलं. बाईंनी बरणी आणली, त्यात पूड: सुकी मिरची, पिंपळी, धणे, दालचिनी वगैरे. मग दुसरी छोटी बरणी. तपकिरी, सुरकुतलेली, अर्धवट उघडलेली फळं, काहींच्या पोटात चकचकीत काळी बी. मी एक टरफल दाताखाली धरलं. जिभेचं टोक झिणझिणलं, मग बधिर झालं.

तिरफळ!

मी मोठ्याने ओरडले असणार, कारण परिचारिकाबाई धावत आल्या. भाचीला बोलावलं, तिला वास दिला. "आजीचा बांगडा," ती म्हणाली. बंगळुरूत वाढलेली पोर, मालवणी धड बोलता येत नाही, पण हे पहिल्याच हुंगण्यात.

इथे त्याला माखवेन म्हणतात. बाई उत्तरेकडच्या नान प्रांतातल्या, तो त्यासाठी नावाजलेला. झाडाच्या खोडाला जाड काटे असतात हे त्यांनी बोटं खोडासारखी उभी धरून, त्यांवर दुसऱ्या हाताने टोचून दाखवलं, आणि मला आमच्या मागीलदारचं झाड दिसलं. त्यावर चढायला गडी मिळत नाही, खाली कापड पसरून लांब काठीने पाडावी लागतात. त्यांच्याकडेही तेच रडगाणं.

बसल्या बसल्या मी हिशेब मांडत होते. बाजारात बघितलेली मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, पुढच्या वर्षी मलाक्का, आणि लगेच अयुथयाच्या, म्हणजे तेव्हाच्या सियामच्या, राजाकडे दूत पाठवला. पूर्वेकडे मिरची पोचवण्यात त्यांचाच मोठा हात. म्हणजे ती दोन्हीकडे पाहुणी. तिरफळाला मात्र कुणी आणलेलं नाही. हे झाड पश्चिम घाटापासून थेट इकडच्या डोंगरांपर्यंत रानात आपोआप वाढतं. कोकणातल्या कुणीतरी ते तोंडात टाकून बघितलं आणि नानमधल्याही कुणीतरी, एकमेकांचा पत्ता नसताना. आणि पुढे दोघींनी ते वापरलं उलट्यापालट्या रीतीने. आम्ही ठेचून कच्चंच ओल्या कालवणात टाकतो, फोडणीत नाही, तव्यावर नाही. त्या कोरडं भाजतात, खलात कुटतात आणि मांसाला चोळतात. बी मात्र दोन्हीकडे फेकायची, ती दाताखाली वाळूसारखी कचकचते.

नानमधली कोंबडी बाईंनी सांगितली ती लिहून ठेवते: कोंबडीचे पंख, माशाचं पाणी (म्हणजे नाम प्ला, मीठ घालायचं नाही), भरपूर कुटलेलं माखवेन, तासभर मुरवून खमंग तळायचं. एवढंच. यादीतल्या कुठल्याही पदार्थापेक्षा मी हे आधी करून बघणार. सुकं माखवेन वारोरोत बाजारात मिळेल म्हणाल्या, पण फोडून बघून घ्या, जुनं असेल तर नुसती टरफलं, वास गेलेला. हे आम्हाला सांगावं लागत नाही, पण मी मान डोलावली.

मग त्यांनी माझ्याकडून वसूल केलं. तुम्ही त्याचं काय करता, लिहून द्या. पाककृतींच्या पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बांगड्याचं तिखलं लिहून दिलं. मिरची, हळद, तिरफळं ठेचून, कोकम, मीठ, बेताचं पाणी, मासे एका थरात, ढवळायचं नाही, भांडं धरून हलवायचं. बाईंनी विचारलं, प्ला तू चालेल? बाजारात वेताच्या छोट्या चाळण्यांत माना मोडून बसवलेले मासे दिसले होते, तेच; आपल्या बांगड्याचे सख्खे भाऊ. पण ते खारवून वाफवलेले येतात, तेव्हा मीठ निम्मं करा आणि मासे अगदी शेवटी सोडा, असं खाली वाढवून लिहिलं. कोकम त्यांना ठाऊक नव्हतं. तूर्तास चिंच घाला, म्हटलं, आणि पत्ता घेऊन ठेवला.