रिकामा रकाना

शनिवारी दुपारी रेसिडेंट डॉक्टर लॅपटॉप घेऊन आला. परिषदेला सारांश पाठवायची मुदत त्याच रात्री संपत होती आणि आमचा फिश्चुलाचा, म्हणजे गळतीचा, आकडा फारच देखणा आला होता. व्हिपल ऑपरेशननंतर स्वादुपिंडाची गळती इतकी कमी म्हणजे एक तर हात सोन्याचे, नाही तर नोंदीत घोळ. पहिल्या शक्यतेवर वेळ न घालवता कागदी फायली काढल्या.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात आणि उरलेलं स्वादुपिंड आतड्याला जोडतात. ग्रंथी मऊ आणि नलिका 3 मिलिमीटरच्या आतली असेल तर टाके लोण्यात घातल्यासारखे कापत जातात. हा सांधा गळला तर कळावं म्हणून शेजारी ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर आणणारी नळी. तो कधी काढायचा, हा आमचा विषय. व्हेरोनाच्या गटाने 2010 मध्ये 114 रुग्णांवरची चाचणी छापली होती: पहिल्या दिवशी ड्रेनमधलं अमायलेज (स्वादुपिंडातलं पाचक एन्झाइम) 5000 युनिटच्या आत असेल, तर तिसऱ्या दिवशी ड्रेन काढणं जास्त दिवस ठेवण्यापेक्षा बरं. आपल्या रुग्णांत ही मर्यादा टिकते का, ते जुन्या नोंदींवरून पाहायचं होतं.

गळतीची व्याख्या 2016 ची. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनमधलं अमायलेज रक्तातल्या कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त. रुग्णाला त्रास नसेल तर ती नुसती बायोकेमिकल लीक, फक्त तपासणीत दिसणारी. ड्रेन तीन आठवड्यांहून जास्त ठेवावा लागला किंवा सुईने नवा घालावा लागला, तर ग्रेड बी. पुन्हा ऑपरेशन, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू, तर सी.

27 नंबरच्या फाईलपाशी गाडी अडली. एक्सेलच्या शीटमध्ये ‘गळती: नाही’. कागदावर मात्र नवव्या दिवशी ताप, सीटीमध्ये पू, रेडिऑलॉजिस्टने घातलेला ड्रेन. म्हणजे सरळ ग्रेड बी. तिसरा दिवस रविवारी आला होता, पाणी स्वच्छ दिसत होतं, म्हणून सॅम्पल गेलंच नव्हतं. एक्सेलमध्ये सूत्र होतं: अमायलेज 300 पेक्षा जास्त तर ‘हो’, नसेल तर ‘नाही’. रिकामा रकाना एक्सेल शून्य धरतं आणि शून्य 300 पेक्षा कमीच. न केलेली तपासणी अशी ‘नाही’मध्ये जाऊन बसली. सीटीचा रकाना त्या सूत्रात नव्हताच.

मग एकेक निघत गेलं. लॅबने डायल्यूशन न करता, म्हणजे सॅम्पल पातळ करून पुन्हा न मोजता, ‘20000 पेक्षा जास्त’ असं कळवलं, तिथे रेसिडेंटने चिन्हासकट तसंच टंकलं होतं. एक्सेलला तो मजकूर. सरासरी काढताना तो सोडून देतं. म्हणजे सगळ्यात वाईट गळती सरासरीतून गायब! लॅबने मधेच किट बदललं होतं, कमाल सामान्य पातळी 100 वरून 110 झाली होती. 300 ची रेघ तशीच. ‘ड्रेन निल’ लिहिलेल्या काही नोंदींत नळी गुठळीने तुंबलेली होती, हे सिस्टरांच्या चार्टवर होतं, आमच्या शीटवर नाही.

रिकाम्या रकान्यांचं गणित किती फसवं, ते उदाहरणाने पटतं. समजा 100 रुग्ण, तपासणी 70 जणांची, गळती 14 जणांना. 100 ने भागलं तर 14 टक्के, 70 ने भागलं तर 20. दोन्ही चूक, कारण तपासणी राहिलेले 30 चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. ज्यांचं पाणी स्वच्छ दिसलं किंवा ज्यांचा तिसरा दिवस सुट्टीला आला, तेच सुटले होते. इतकं एका बाजूला झुकलेलं असताना सरासरीने ते रकाने भरायला संख्याशास्त्रज्ञांनी नकार दिला, आणि ते बरोबरच होतं.

सारांश पाठवला नाही. रेसिडेंटचं तोंड उतरलं; थीसिसची तारीख त्याला दिसत होती.

सोमवारी नवा फॉर्म छापला. अमायलेजपुढे तीन पर्याय: आकडा, ‘पाठवलं नाही’, ‘पाणीच नाही’. तिसरा निवडला तर नळी मोकळी आहे का, हे लिहिल्याशिवाय फॉर्म पूर्ण नाही. सॅम्पल पिशवीतलं नको, कारण तिथे कालचं पाणी मिसळलेलं असतं. पिशवी बदलून नळीतून ताजं घ्यायचं. लॅबची त्या दिवसाची कमाल पातळी शेजारी लिहायची, तिप्पट यंत्राला करू द्यायची. रविवारची जबाबदारी ऑन-कॉल रेसिडेंटची. जुन्या फायली दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांची शीट न पाहता पुन्हा भरायच्या असं ठरलं. जिथे दोघांचं जुळत नाही, ती फाईल माझ्या टेबलावर येते. आज सकाळी चार आल्या आहेत. त्यातल्या दोन रविवारच्या.