आधी सलाम, मग सालटी

दरवर्षी साधारण आपल्या होळीच्या आसपास जर्मनीत, म्युनिकमध्ये पुढाऱ्यांच्या नावाने रीतसर शिमगा होतो. नोकहेरबेर्ग नावाच्या चढावर पाउलानर ब्रुअरीचा मोठा हॉल आहे. तिथे मुख्यमंत्री, मंत्री, विरोधी पक्षनेते, महापौर असे सगळे लांब टेबलांवर दाटीवाटीने बसतात. प्रत्येकापुढे दगडी मग, आणि मगात जवळपास आठ टक्के अल्कोहोलची साल्वाटोर बियर. इस्टरआधीच्या उपवासात घन अन्न चालत नसे, म्हणून इथल्या मठातले साधू ही दाट बियर पिऊन दिवस काढायचे. (साबुदाण्याची खिचडी ओरपणाऱ्यांनी हसू नये.)

पहिला मग बव्हेरिया राज्याच्या, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी त्या राज्याच्या, मुख्यमंत्र्याच्या हातात देतात, तोही लॅटिनमध्ये ‘हे राष्ट्रपित्या, नमस्कार, हे सर्वोत्तम राजा, पी’ असं म्हणून. जुन्या राजांच्या काळातला हा मान अजून चालू आहे. राजाचं पिऊन झालं की वक्ता उभा राहतो आणि एकेकाचं नाव घेऊन सोलायला लागतो. कोणी कुठला शब्द फिरवला, कोणाचं खातं नुसतं नावाला आहे, कोण कोणाच्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे, सगळं निघतं. बव्हेरियाच्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीवर हे थेट दाखवतात.

आमच्या शेजारच्या आजोबांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, स्टेजकडे बघू नकोस, खाली बघ. बव्हेरियन बोली मला निम्मीच कळायची, त्यामुळे तो सल्ला सोयीचाच होता. विनोद पडला की कॅमेरा त्या मंत्र्याच्या तोंडावर जातो आणि हलत नाही. ओठ हसतात, डोळे हसत नाहीत, हात उगाच मगाकडे जातो. बायको शेजारी असेल तर ती आधी हसते आणि मग नवऱ्याकडे बघते. त्यानंतर संगीत नाटक, त्यात नट याच लोकांची सोंगं घेऊन येतात, आणि शेवटी खरा मंत्री आपल्या सोंगाशेजारी उभा राहून फोटो काढून घेतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चर्चा एकच, कोणाला झेपलं आणि कोणाला नाही.

मला यातली एक गोष्ट खटकते. ज्याची सालटी काढायची त्यालाच बियर पाजायची, म्हणजे धार थोडी बोथट होणारच. इथे नाव न निघणं हा अपमान समजतात, त्यामुळे टीका हीच एक प्रकारची पावती होऊन बसते. तरीही राज्याच्या प्रमुखाने काही तास खुर्चीत बसून ऐकून घ्यावं, हे दरवर्षी मुद्दाम करून घेण्यात काहीतरी आहे. मान आहे तो खुर्चीला. खुर्चीतल्या माणसाने तो मिळवायचा, आणि मिळवण्याची एक रीत म्हणजे गप्प बसून ऐकणं.

मग मर्यादा कुठे? याच स्टेजवर 2010 साली ती दिसली. वक्ता होता मिखाएल लेर्शेनबेर्ग, आणि निशाण्यावर तेव्हाचे परराष्ट्रमंत्री गिडो वेस्टरवेले. बेकारभत्त्यावर जगणाऱ्यांबद्दल ते कडक बोलले होते. लेर्शेनबेर्ग म्हणाला की हे आता त्या लोकांना काटेरी तारेच्या कुंपणात गोळा करतील आणि फाटकावर घोषवाक्य लावतील. जर्मनीत काटेरी तार आणि फाटकावरचं घोषवाक्य म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. ज्यू समाजाच्या प्रतिनिधींनी आक्षेप घेतला आणि लेर्शेनबेर्गने ते काम सोडलं. मंत्र्याची अब्रू गेली म्हणून हे झालं नाही. छळछावणीत मेलेली माणसं एका टोमण्यासाठी वापरली गेली, म्हणून झालं. मला हे पटतं.

टीव्हीवरचा विडंबनकार यान ब्योमरमानचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. 2016 मध्ये त्याने टीव्हीवर तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यावर एक कविता वाचली, मुद्दाम गलिच्छ. परकीय राष्ट्रप्रमुखाच्या अपमानाबद्दल जर्मनीत एक जुनं कलम होतं, राजेशाहीच्या काळातलं. तेव्हाच्या चॅन्सलर मेर्केलबाईंनी त्याखाली तपासाला परवानगी दिली आणि देशभर गदारोळ झाला. फौजदारी खटला उभा राहिलाच नाही, आणि 2018 च्या 1 जानेवारीपासून ते कलमच रद्द झालं. हॅम्बुर्गच्या दिवाणी कोर्टाने मात्र 24 पैकी 18 ओळींवर बंदी घातली. अल्पसंख्याकांवरच्या दडपशाहीबद्दलच्या ओळी ठेवल्या, लैंगिक घाण काढली. कोर्टाने कविता निवडून द्यावी हे हास्यास्पद आहे खरं, पण चाळणी बरोबर लावली असं माझं मत.

हे वाचून जर्मनीला डोक्यावर घेऊ नका. इथे राजकारण्यांच्या अपमानासाठी वेगळं कलम आहे. तुम्हा-आम्हाला शिवी दिली तर शिक्षा कमी, पुढाऱ्याला दिली आणि तिच्यामुळे त्याच्या कामात मोठा अडथळा येण्यासारखा असेल तर तीन वर्षांपर्यंत. 2019 मध्ये वाल्टर ल्युब्के या राजकारण्याचा एका नवनाझीने खून केला, गावपातळीवरच्या नगरसेवकांनाही धमक्या येतात, म्हणून 2021 मध्ये हे कलम कडक केलं. हेतू समजतो. परिणाम असा की 2024 मध्ये बव्हेरियातल्या एका माणसाच्या घरी सकाळी पोलीस झडतीला आले. त्याने तेव्हाचे मंत्री रोबेर्ट हाबेक यांचा फोटो श्वार्झकोफ शॅम्पूच्या जाहिरातीच्या धर्तीवर टाकला होता, ब्रँडच्या नावाऐवजी ‘मूर्ख’ अशा अर्थाचा शब्द घालून. पुढाऱ्याला सामान्य माणसापेक्षा जास्त अब्रू असते, असं कायद्याने ठरवलं की असंच होणार.

आपल्याकडे निदान पोलीस येईपर्यंत कोणी थांबत नाही. मार्च 2025 मध्ये कुणाल कामराच्या एका विडंबनगीतावरून खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची शिवसैनिकांनी तोडफोड केली, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेला तिथलं बेकायदा बांधकाम आठवलं. ज्या पक्षाची मुळं ‘मार्मिक’च्या व्यंगचित्रांत, त्याच नावाच्या पक्षाने हे करावं! तमाशातला सोंगाड्या पिढ्यान्‌पिढ्या वगातल्या राजाची भर गावात फजिती करत आला, समोर पाटील बसलेला असतानाही.

पण माझीही परीक्षा झाली. बव्हेरियाचे मुख्यमंत्री मार्कुस झ्योडर हे मुख्यमंत्री होण्याआधीपासून फ्रँकन भागातल्या कार्निव्हलला वेश करून जातात; मर्लिन मन्रो झाले, श्रेक झाले. एका वर्षी ते गांधीजी होऊन गेले होते. टक्कल, चष्मा, पांढरं वस्त्र. आजोबांनी तो फोटो मोठ्या कौतुकाने दाखवला आणि माझं तोंड आंबलं. एरवी गांधीजींवरचे विनोद मी ऐकलेत, हसलेयसुद्धा. इथे टीका कशावरच नव्हती, नुसती उंच, धिप्पाड माणसाने घेतलेली मजा होती.

आजोबांनी माझा चेहरा वाचला. तुमचे पुढारी नाही का असं सोंग घेत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घेतात की! घोंगडं, फेटा, पुणेरी पगडी, निवडणूक असेल तर खांद्यावर नांगरसुद्धा. फक्त तेव्हा हसायची परवानगी नसते.