रिफ्टनला जाऊन आलो: चोरपावलांनी जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाराच्या पुढे कोणी घराबाहेर पडत नाही. खिडकीला ओली चादर लावून त्या वेळात मी 'स्कायरिम' या कॉम्प्युटर गेममधल्या रिफ्टन शहराला निघालो. गेम २०११ चा, माझ्या जुन्या लॅपटॉपवरही नीट चालतो. नियम एकच ठरवला होता, कुणालाही मारायचं नाही.

रिव्हरवूड गावाच्या वाटेवर तीन उभे दगड लागतात. त्यातला चोराचा निवडा. लपणं, कुलपं उघडणं, खिसे कापणं ही कौशल्यं २० टक्के लवकर वाढतात. पुढे व्हाइटरन शहराच्या तबेल्याजवळ घोडागाडी मिळते, ती रिफ्टनला सोडते. तिथे वेशीवरचा शिपाई प्रवेशकर मागेल. असा कर मुळात नाहीच, हे त्याला तोंडावर सांगा.

बाजारात चोरांच्या टोळीतला ब्रिनयॉल्फ स्वतःहून बोलायला येतो आणि एक काम देतो. तो लोकांना बोलण्यात गुंतवतो, तेवढ्यात मडेसीच्या दुकानाखालच्या पेटीतून अंगठी काढून ब्रँड-शे नावाच्या दुसऱ्या दुकानदाराच्या खिशात सरकवायची. मी दोनदा पकडला गेलो आणि जुन्या सेव्हवर परतलो. तशी गरज नव्हती. काम फसलं तरी ब्रिनयॉल्फ टोळीत घेतोच.

पकडलं जाण्याचं कारण मला उशिरा कळलं. आमचं घर पूर्व भागात, खाली यंत्रमाग. दिवसभर खटखट चालू. त्या आवाजात गेममधली पावलं ऐकूच येत नव्हती, मी नुसता पडद्यावरच्या डोळ्याकडे बघत होतो. तो डोळा उघडायला लागला की समजायचं, कुणाला तरी चाहूल लागलीय. पण तोवर उशीर झालेला असतो. चौथ्या दिवशी रात्री खालचे माग थांबल्यावर हेडफोन लावून बसलो, आणि दाराआडच्या पहारेकऱ्याची पावलं जवळ येतात कधी, लांब जातात कधी, सगळं ऐकू यायला लागलं. चोराचा खेळ कानांनी खेळायचा असतो, असं माझं ठाम मत आहे. शक्यतो रात्रीच खेळा.

त्याच रात्री टोळीने दिलेल्या कामावर गोल्डनग्लोला गेलो, तिथली तिजोरी रिकामी करायची आणि मधमाश्यांची तीन पोळी जाळायची. हे घर तळ्यातल्या बेटावर आहे. आपल्या सिद्धेश्वराच्या देवळाभोवती पाणी बघत वाढलेल्या माणसाला ते लांबून दिसलं की वेगळंच वाटतं. समोरच्या दाराच्या नादी लागू नका, तिथे भाडोत्री पहारेकरी असतात. जुन्या गटारातून आत शिरता येतं. जड बूट काढून ठेवा, बुटांच्या वजनाने आवाज वाढतो. वाकून चालतानाही धावू नका, कॅप्स लॉक दाबला की चाल संथ होते. वरच्या मजल्यावर मालक असतो, तिजोरीची किल्ली त्याच्या खिशातून काढा आणि मग तळघरात उतरा. खिसा कापायच्या आधी एफ-५ दाबून सेव्ह करा. आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मला ती सवय होतीच.

मधमाश्यांची पोळी सर्वांत शेवटी जाळा. जाळ दिसला की पहारेकरी धावत येतात. पोळी मोजून तीनच जाळायची, जास्त जाळलीत तर टोळीच नाराज होते.

कुलपाबद्दल थोडंसं. कुलूप उघडायची काडी थरथरली की लगेच सोडा, जोर लावला की ती मोडते. कौशल्य कमी असलं तरी कुठलंही कुलूप उघडून बघता येतं, फक्त काड्या भरपूर जवळ ठेवा.

पकडलं गेलात तर दंड भरूनही चोरीचा माल जप्त होतो. म्हणून माल अंगावर घेऊन गावभर फिरू नका. साधे दुकानदार तो घेत नाहीत. रिफ्टनच्या पोटात, टोळीच्या रॅगेड फ्लॅगन या गुत्त्यात टोनिला बसते, ती घेते. तिच्याकडचे पैसे संपले तर गेममधले दोन दिवस थांबून परत जा, तिच्याकडे पुन्हा पैसे आलेले असतात.