जुन्या ग्राहकांना फीवाढ कशी कळवायची

तुम्ही इतरांचे हिशेब लिहीत असाल आणि फीवाढ १ एप्रिलपासून लावायची असेल, तर पत्र फेब्रुवारीच्या अखेरीस गेलेलं बरं. मार्चमध्ये वर्षअखेरीची गडबड असते, आणि ऐन कामात अडकलेल्या माणसाला ती अडवणूक वाटते. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपासही नको, तेव्हा सगळ्यांचं डोकं जीएसटी रिटर्नमध्ये असतं.

आधी प्रत्येक ग्राहकाच्या नोंदी, म्हणजे महिन्याला लिहावी लागणारी व्हाउचरं, मोजा. म्हापशाच्या किराणा दुकानाची व्हाउचरं महिन्याला १५० वरून २६० झाली असतील, तर सरसकट टक्केवारीपेक्षा हा आकडाच बोलतो. कळंगुटच्या गेस्ट हाउसचं काम मात्र हंगामात फुगतं आणि पावसात ओसरतं. तिथे वर्षाची सरासरी धरा, नाहीतर जूनमध्ये घासाघीस ठरलेली.

पत्र चार ओळींचं पुरे: जुनी फी ४,००० रुपये, नवी ४,६००, लागू तारीख, आणि त्यात काय येतं (नोंदी, बँक जुळवणी, जीएसटी रिटर्न). तुमची जीएसटी नोंदणी असेल तर '१८% जीएसटी वेगळा' हे स्पष्ट लिहा. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

'महागाईमुळे नाइलाजाने' वगैरे लिहू नका. माफीच्या सुरातल्या पत्राला उत्तर म्हणून सवलतच मागितली जाते. कुणी अडलंच तर नुसती फी नव्हे, आपलं कामही कमी करा: उदाहरणार्थ, बिलं तारीखवार लावून ५ तारखेपर्यंत देणाऱ्याला ४,२००. व्हॉट्सॲपवर होकार आला तरी ईमेलवर लेखी घ्या. थकबाकी असेल तर ती आधी वसूल करा.