गारपीट झाली, आता केळी

2014च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट जळगावच्या रावेर-यावलकडे अजून विसरलेली नाही. आजही आभाळ तसंच फाटलं. दादर (रब्बी ज्वारी) आडवी झाली, कणसं ओली राहिली तर दाणा काळा पडणार. पण खरी काळजी केळीची. गारेचा मार घडावर लागला की तिथून चीक गळतो, डाग काळा पडतो आणि बुरशी शिरते. म्हणून आधी शेतातलं पाणी काढा. चिंधड्या झालेली पानं कापा, पण हिरवी ठेवा, घड त्यांच्यावरच पोसतो. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक फवारा, लिटरला 3 ग्रॅम, सोबत स्टिकर, म्हणजे औषध चिकटून राहतं. खोड मोडलं असेल तर ते कापून जोमदार एकच पील (बुंध्याशी फुटलेलं नवं रोप) राखा. आणि भावांनो, विमा असेल तर 72 तासांच्या आत कळवा. फोटो साफसफाईच्या आधीच काढा.