तालमीतून जिमच्या फ्लोअरवर: ट्रेनरची परीक्षा देताना

पुण्यातल्या एका जिममध्ये मी फ्लोअर ट्रेनर म्हणून लागलो तेव्हा माझ्याकडे कुठलंही सर्टिफिकेट नव्हतं. गाव कोल्हापूरच्या बाजूचं, शाळेत असल्यापासून तालमीत जाणं. पहाटे हौद्यातली माती उकरायची, जोर-बैठका काढायच्या, मग लढतीला उभं राहायचं. एवढ्या शिदोरीवर नोकरी मिळाली, कारण जिममध्ये व्यायाम शिकवायला आपल्याकडे कायद्यानं परवाना लागत नाही. अंगानं दणकट, मशीन वापरता येतं, लोकांशी बरं बोलतो, की झाला ट्रेनर. निम्म्याहून जास्त सहकारी असेच आलेले, जुने मेंबर म्हणून.

फ्लोअर ट्रेनरला ठराविक पगार असतो. पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंग घेणाऱ्याला मेंबरच्या फीमधला वाटा मिळतो. आमच्याकडे सर्टिफिकेटशिवाय पीटी देत नसत. पैशांचा विचार होताच, तो लपवण्यात अर्थ नाही. पण परीक्षेला बसायचं पक्कं झालं ते एका काकांमुळे. वय ५८, बँकेतून निवृत्तीला आलेले, रक्तदाबाची गोळी चालू. ट्रेडमिलवरून त्यांनी विचारलं, "सर, माझे ठोके कितीपर्यंत गेलेले चालतील?" भिंतीवर वयाप्रमाणे रंगीत तक्ता होता, त्यात बोट ठेवून मी आकडा सांगू शकलो असतो. पण हा आकडा यांना लागू आहे का, हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना हळू चालायला सांगितलं आणि त्या रात्री कोर्स शोधायला बसलो.

शोधायला गेलं की डोकं गरगरतं. शनिवार-रविवारात सर्टिफिकेट देणारे आहेत, नुसता फॉर्म भरून देणारेही आहेत. केंद्र सरकारच्या कौशल्य विकास योजनेत क्रीडा आणि फिटनेससाठी वेगळी कौशल्य परिषद आहे, तिचा फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे. गावाकडे किंवा तालुक्याला काम करायचं असेल तर तो रस्ता चांगला, खर्चही आवाक्यातला. मी निवडलं ते अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, म्हणजे एसीईचं पर्सनल ट्रेनर सर्टिफिकेशन. ही संस्था १९८५ची, सॅन दिएगोची. तिच्या परीक्षेला अमेरिकेतल्या एनसीसीए या मंडळाची मान्यता आहे. हे मंडळ परीक्षा कशी काढली जाते आणि कशी तपासली जाते ते पाहून मान्यता देतं. परदेशी सर्टिफिकेट घेताना ही एक गोष्ट बघाच, बाकी जाहिरातीत काय लिहिलंय ते सोडून द्या. फी डॉलरमध्ये होती. ती भरली तेव्हा घरी सांगितलं, की काही महिने गावी पैसे कमी येतील.

पुस्तक इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. पहिले काही आठवडे मी एका ओळीला पाच शब्द शोधत होतो. मग एक पद्धत बसली. प्रत्येक प्रकरण मी मराठीत वहीवर उतरवायचो, तालमीतल्या व्यायामांची उदाहरणं घालून. पुस्तकात शरीराच्या हालचालींची तीन प्रतलं येतात: सॅजायटल म्हणजे पुढं-मागं, फ्रंटल म्हणजे डावी-उजवीकडं, ट्रान्सव्हर्स म्हणजे वळणं. माझ्या वहीत सॅजायटलसमोर बैठक लिहिली होती, फ्रंटलसमोर डंबेल घेऊन हात बाजूला उचलणं, आणि ट्रान्सव्हर्ससमोर कुस्तीतला धोबीपछाड डाव. समोरच्याला खांद्यावर घेऊन कंबर वळवतो तेव्हा कुठला स्नायू ओढतोय ते अंगाला ठाऊकच होतं. फक्त त्याचं नाव शिकायचं होतं.

बैठकीनं मात्र मला बराच वेळ अडवून धरलं, आणि ते मला आवडलं. पुस्तकात स्क्वॉट तपासायची रीत आहे. माणूस समोर बसतो-उठतो, आपण बघायचं की टाच उचलते का, गुडघे आत पडतात का, पाठ वाकते का. टाच उचलली तर पोटरी आखडलेली असू शकते, घोटा पुरेसा वाकत नसू शकतो. आमच्या तालमीतल्या बैठकीत टाच उचलतेच, ती तशीच काढतात. वस्तादांनी कधी कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आता कळतंय की टाच उचलली की गुडघा जास्त पुढं जातो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर जास्त भार येतो. रोज शेकड्यांनी बैठका काढणाऱ्या विशीतल्या पोराला तो भार हवा असतो. पन्नाशीतल्या, गुडघा दुखणाऱ्या बाईला त्याच पद्धतीनं बसवायचं नाही. तालमीतला व्यायाम चुकीचा आहे असं मी कुणाला म्हणू देत नाही. तो कुणासाठी आहे, हे ओळखायला मला या अभ्यासानं शिकवलं.

परीक्षेचं खरं वजन शरीररचनेवर असेल अशी माझी समजूत होती. निघालं वेगळंच. समोरच्या माणसाला काय विचारायचं आणि कोणत्या क्रमानं, यावर फार भर. व्यायाम सुरू करण्याआधी पार-क्यू प्लस नावाची प्रश्नावली असते. पहिल्या पानावर ७ प्रश्न: हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब सांगितलाय का, छातीत दुखतं का, चक्कर येऊन तोल जातो का, कुठली गोळी चालू आहे, असे. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर आणखी खोलात विचारायचं, गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवायचं, आणि तोवर भारी व्यायाम द्यायचा नाही. आमच्या जिममध्ये हा फॉर्म होता. ॲडमिशनच्या वेळी सगळीकडे 'नाही'वर टिक मारून खाली सही घेत. आता मी मेंबरला खुर्चीवर बसवून एकेक प्रश्न मराठीत विचारतो. पुष्कळ बायका गोळीचं सांगतच नाहीत. थायरॉइडची, शुगरची गोळी त्यांना आजार वाटत नाही, ती रोजचीच झालेली असते. "काकू, सकाळी चहाआधी काही घेता का?" असं विचारलं की मग येतं बाहेर.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला हृदयगतीच्या प्रकरणात सापडलं. भिंतीवरचा तक्ता २२० वजा वय या सूत्रावर बेतलेला असतो. ५८ वर्षांच्या माणसाला कमाल ठोके १६२ धरायचे. विश्रांतीचे ठोके ७२ असतील तर मध्यम व्यायामासाठी एक हिशोब असा: १६२ वजा ७२, त्याचे निम्मे ४५, त्यात ७२ मिळवले की ११७. कागदावर हे सुरेख दिसतं. पण २२० वजा वय हा मुळात सरासरीचा अंदाज आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यात काकांची गोळी अटेनोलॉल निघाली, म्हणजे बीटा ब्लॉकर. ही गोळी हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही. काका धापा टाकत असते तरी ठोके मोजणाऱ्या पट्ट्यावर ठोके कमीच दिसले असते, आणि तक्ता बघणारा ट्रेनर म्हणाला असता, "अजून वाढवा स्पीड."

अशा माणसासाठी बोलण्याची चाचणी आहे. ती शिकल्यावर जिममध्ये वापरायला मला इतकी आवडली, की आता तक्त्याकडे बघतही नाही. माणूस चालता चालता पाठ असलेलं काहीतरी म्हणतो. सलग, आरामात म्हणता आलं तर व्यायाम हलका आहे. तुटक तुटक वाक्यं येऊ लागली की कष्टाचा पहिला टप्पा ओलांडला. एखाददुसराच शब्द फुटतोय म्हणजे दुसराही ओलांडला. कारणही साधं आहे. स्नायू जोरात काम करू लागले की रक्तात आम्ल वाढू लागतं, ते आटोक्यात ठेवताना जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वास वाढतो. श्वास तिकडे लागला की बोलायला उरत नाही.

काकांनी डॉक्टरांकडून व्यायामाला परवानगीची चिठ्ठी आणली आणि मग आम्ही ही चाचणी घेतली. पाठ काय आहे विचारलं तर म्हणाले, शाळेतली प्रतिज्ञा. ट्रेडमिलवर चालत काका खणखणीत आवाजात प्रतिज्ञा म्हणत होते आणि शेजारच्या मशीनवरची पोरं कानातले हेडफोन काढून बघत होती. ताशी साडेचारला सगळी प्रतिज्ञा एका दमात झाली. पाचला प्रत्येक वाक्यानंतर श्वास. साडेपाचला 'बांधव' शब्दाशी ते थांबले, हात वर केला, आणि मी वेग खाली आणला. काकांची चालण्याची पातळी ठरली, तीही त्यांच्या स्वतःच्या श्वासावरून. पहिले काही आठवडे साडेचारलाच चाललो, नुसता वेळ वाढवत.

एसीईच्या पद्धतीत हेच तत्त्व सगळीकडे आहे. चालणं-धावणं अशा दम वाढवणाऱ्या व्यायामाचे तीन टप्पे: पाया, तंदुरुस्ती, कामगिरी. स्नायूंच्या व्यायामाचेही तीन: आधी तोल आणि सांध्यांची हालचाल, मग बसणं-उठणं, ढकलणं, ओढणं, वळणं या मूळ हालचाली नीट होणं, आणि त्यानंतर वजन किंवा वेग. आपल्या जिममध्ये लोक आल्या दिवशी थेट तिसऱ्या टप्प्यात घुसतात. पहिल्याच आठवड्यात बेंच प्रेसवर प्लेटा चढतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण महिन्याभरात खांदा धरून घरी बसणारा मुलगा परत येत नाही.

माणूस व्यायाम का सोडतो, यावरही पुस्तकात मोठं प्रकरण आहे. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या मानसशास्त्रज्ञांनी सवय बदलण्याच्या पायऱ्या मांडल्या: विचारच नसणं, विचार चालू असणं, तयारी, कृती, आणि सहा महिन्यांनंतर ती टिकवणं. प्रत्येक पायरीवर बोलणं वेगळं हवं. अजून विचारच करत असलेल्या माणसाला दम दिला तर तो येणंच बंद करतो. तालमीत वस्ताद ओरडले तर आम्ही दुप्पट जोर काढायचो, पण आम्ही आधीच तयार होऊन आलेलो असायचो. जिममध्ये मुलीच्या लग्नाआधी वजन कमी करायला आलेली काकू वेगळी. तिला मी विचारतो, "घरी काय करताना त्रास होतो?" जिना चढताना, असं ती म्हणाली की जिना हेच आमचं माप होतं, वजनकाटा नाही.

ट्रेनरची हद्द कुठं संपते, हाही परीक्षेचा भाग आहे. दुखणं ओळखून इलाज सांगायचा नाही, आजारावरचा आहार लिहून द्यायचा नाही, औषधाला हात लावायचा नाही. मी हे फार गांभीर्यानं घेतो. प्रोटीन पावडर कुठली घेऊ, हे रोज कुणीतरी विचारतं, आणि पावडरच्या पुढचं, स्टिरॉइडचं इंजेक्शन विचारणारी पोरंही येतात. अशी इंजेक्शनं मिळवून देणारे ट्रेनर मी पाहिलेत. हृदयाचं, यकृताचं आयुष्यभराचं नुकसान करून दंड फुगवणं हा आपल्या धंद्याला लागलेला कलंक आहे, आणि ते करणाऱ्याला ट्रेनर म्हणू नये.

परीक्षेआधी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून श्वास देणं, आणि एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, यांचं प्रशिक्षण लागतं. ते मी एका हॉस्पिटलच्या वर्गात हातानं शिकलो. जमिनीवर रबरी पुतळा, छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. छाती किमान ५ सेंटिमीटर दाबली गेली की आतून टक्क आवाज येतो, कमी पडली तर नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर २ श्वास. कुस्ती खेळलेला असून दुसऱ्या मिनिटाला माझे दंड भरून आले. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायला सांगतात. एईडी उघडलं की ते यंत्र बोलून सांगतं, पॅड कुठं लावायचे, कधी लांब व्हायचं. शिकून आल्यावर मी आमच्या जिममध्ये असं यंत्र नाही हे मालकांना सांगितलं. अजून आलेलं नाही, मी सांगणं सोडलेलं नाही.

परीक्षा कॅमेऱ्यासमोर, घरून दिली. मित्राची खोली मागून घेतली, टेबल रिकामं केलं, कॅमेरा फिरवून चारही भिंती दाखवल्या. १५० प्रश्न, ३ तास. त्यांतले २५ प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कुठले ते कळत नाही. निकाल २०० ते ८००च्या मापावर लागतो आणि ५०० हवेत. प्रश्न बहुतेक एका माणसाचं वर्णन देऊन विचारतात, की आता तुम्ही सगळ्यात आधी काय कराल. चारपैकी दोन उत्तरं बरोबरच वाटतात, त्यातलं आधीचं निवडायचं असतं. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्यानं वेळेचा सराव घरी घड्याळ लावून करावा. मी प्रत्येक प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायचो, मग वर्णन. त्याचा फार उपयोग झाला.

पास झालो. पीटी मिळू लागली, गावी पैसे पुन्हा पहिल्यासारखे जाऊ लागले. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. पुढे चालू ठेवायला तेवढ्या काळात २० तासांचं शिक्षण आणि चालू सीपीआर लागतं. माझे तास मी वयस्कर लोकांच्या व्यायामावर घालतोय, कारण सकाळच्या बॅचला तेच जास्त असतात. सध्या खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव चाललाय. काका बसता-उठता मोठ्यानं आकडे मोजतात, आणि मागे रांगेत उभ्या काकू त्यांना घाई करतात.